पापणीखालचा रंग

पल्लवी शेवाळे जिना चढून वर यायच्या आधी खालच्या सायकलच्या दुकानापाशी थांबली. दुकानदाराची शेळी तिथे खांबाला बांधलेली असायची. पल्लवी तिच्यापुढे उकिडवी बसली, तिचं तोंड हातात धरलं, अंगठ्याने डोळ्याखालची कातडी खाली ओढली आणि आत डोकावून बघितलं. मग मान हलवून उठली.

सहादूमामा वर खिडकीत चहा पीत उभे होते. "मॅडम," ते म्हणाले, "आज येणारी बाई जरा तशीच दिसते. शेळीच्या डोळ्यात बघत बसली होती."

"काय बघत होती?" हर्षाली खैरनारने विचारलं.

"स्वतःचा चेहरा असेल. मी काय विचारायला गेलो?"

हर्षाली हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. मामांना हे मुळीच आवडायचं नाही. आपण गंमत करावी आणि समोरच्याने ती लिहून घ्यावी, याला काय अर्थ आहे?

नाशिकच्या गंजमाळमधल्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात मामांना दीड वर्ष झालं होतं. त्याआधी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. हर्षाली पूर्वी विमा कंपनीत होती. मेलेल्या गाई-म्हशी खरंच कशाने मेल्या हे बघत गावोगाव हिंडायची. पुढे लोक माणसांच्या भानगडीही तिच्याकडे आणायला लागले, तेव्हा तिने नोकरी सोडली आणि दारावर 'खैरनार तपास' अशी पाटी लावली. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि मामांना घरी बसवत नव्हतं. एवढ्यावर दोघांचं जमलं होतं.

पल्लवी आत आली ती उभीच राहिली. तिशीच्या आतली, अंगाने किरकोळ, पायातली चप्पल नवीकोरी. ही फक्त शहरात यायचं म्हणून घातली असावी, इतकी ती पायाला बोचत होती.

"मला रविवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर भाऊबंद बसणार. मला माहेरी धाडायचं आणि माझ्या मुलीला ठेवून घ्यायचं, असं ठरल्यात जमा आहे. आरोही चार वर्षांची आहे."

"कशासाठी?"

"मी घरच्यांना विष घालते म्हणून."

त्या दिवशी गुरुवार होता.

मग तिने सगळं सांगितलं. सासर देवळ्याजवळच्या करंजदऱ्यात, कांद्याची शेती. गेले तीन आठवडे सासरे रावजी, सासू झुंबरबाई आणि नवरा मयूर या तिघांच्या पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, भूक पार मेली आहे. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. दोन दिवस बरं, की पुन्हा तेच.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"तुम्ही तेच जेवता?"

"सगळ्यांच्या शेवटी. पण तेच."

"आणि तुम्हाला काही नाही."

"मला नाही, आरोहीला नाही. म्हणून तर." तिने मोबाइल पुढे केला. "हे तिघांचे रक्ताचे रिपोर्ट. मी गुपचूप फोटो काढले."

हर्षालीने ते मोठे करून बघितले. "रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढल्यात. अठरा टक्के, बावीस, एकोणीस. डॉक्टर काय म्हणाले?"

"ॲलर्जी. थंडीतली धूळ."

"तिघांनाही एकदम?" हर्षाली पुटपुटली. मामांना त्यातलं अक्षर कळलं नाही. "आणखी काय धरलंय तुमच्यावर?"

"दसऱ्यानंतर शेतात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवली होती. आठ दिवस. त्यातली दोन आमच्याच बांधावर मेली. आता लोक म्हणतात, हिने आधी मेंढरांवर करून बघितलं." ती थांबली. "आणि माझ्या पेटीत एक बाटली सापडली. जनावरांच्या जंताच्या औषधाची. अर्धी संपलेली."

"ती कुठून आली?"

"माहेरी शेळ्या आहेत. पेठला. तिकडची राहिली असेल कपड्यांत." हे बोलताना पल्लवी खिडकीबाहेर बघत होती.

मामांची एक खात्री होती. 'तिकीट' म्हटल्यावर जो प्रवासी खिडकीबाहेर बघतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. ती गेल्यावर त्यांनी लगेच सांगून टाकलं, "बाई खोटं बोलते."

"बाटलीबद्दल बोलते," हर्षाली म्हणाली.

"मग झालं की!"

"मामा, विष घालणारी बाई बाटली पेटीत जपून ठेवते आणि वर आपल्याकडे येते?"

मामा गोंधळले. बाई खोटारडी, पण दोषी नाही? असा प्रवासी त्यांना एकतीस वर्षांत भेटला नव्हता.

रावजींचा धाकटा मुलगा मनोज सातपूरला एका कारखान्यात होता. त्याच दुपारी दोघं त्याला गेटबाहेरच्या टपरीवर भेटली. पोरगा पिवळा पडला होता. अंगात निळा गणवेश, पायात लोखंडी टोपीचे जाडजूड बूट. चहा समोर होता, पण तो पीत नव्हता.

"मलाही तेच होतंय," तो म्हणाला. "तीन आठवडे. रोज."

"तुम्ही तर इथे राहता."

"खोली घेतलीये, मेसचा डबा. शनिवारी संध्याकाळी घरी जातो, रविवारी परत. रविवारचं जेवण वहिनीच्या हातचं. विषाला तेवढं पुरतं हो!"

"वहिनी तुमच्याशी वाईट वागते?"

मनोजने मान खाली घातली. "नाही. उलट... नाही. पण आई म्हणते तर काहीतरी असेल ना."

"मेसचं जेवण कसं आहे?"

"कसलं जेवण! आई पिशवी भरून देते म्हणून दिवस निघतात. शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, पापड, मेथीच्या दोन जुड्या, कांद्याची पात. हिरवं कच्चंच खातो भाकरीबरोबर, आमच्याकडची सवय."

"चटणी कोण कुटतं?"

"वहिनीच."

मामांनी हर्षालीकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. चटणी! परतताना त्यांनी गाडीत हा मुद्दा मांडला. चटणीत घातलं की आठवडाभर पुरतं.

"चटणी आरोहीही खाते," हर्षाली म्हणाली. "मी पल्लवीला फोनवर विचारलं. ती स्वतःही खाते."

मामांचा विचार तिथेच पंक्चर झाला.

शुक्रवारी सकाळी ते करंजदऱ्याला पोचले. मामा त्याच बाजूचे, त्यामुळे त्यांनी ओट्यावरून हाक देताच झुंबरबाई आतून तिकडच्या बोलीत म्हणाल्या, "या, बठा." हर्षालीने आपण पल्लवीकडून आलो हे लपवलं नाही. रावजींचा चेहरा आंबट झाला, पण दारात आलेल्याला उठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पांढरी टोपी, पांढरं धोतर, दुखण्याने आत गेलेले गाल. "मी तिला नावं ठेवत नाय," रावजी म्हणाले. "पण ती पेठकडची. त्या लोकांना झाडपाला कळतो. पोराने लग्न करून आणली, मी घरात घेतली. एकच सांगितलं होतं, शेरडं राखणाऱ्याच्या घरची असशील, इथं शेरडा-मेंढरांपाशी दिसायचं नाय. बागाईतदाराची सून हायेस."

"ती ऐकते?"

"ऐकती म्हणायची. चप्पल तेवढी घालत नाय. दिवसभर शेतात अनवाणी."

मयूर खांबाला टेकून उभा होता. त्याला हर्षालीने सरळ विचारलं, "तुम्हाला वाटतं तिने विष घातलं?"

"मी काय म्हणू?" तो म्हणाला. "आईला वाटतं."

"मी तुम्हाला विचारलं."

मयूरने पोट दाबून धरलं आणि उत्तर दिलंच नाही. स्वयंपाकघराच्या दारात पल्लवी उभी होती. तिने ते न दिलेलं उत्तर ऐकलं आणि आत वळली. मामांना एकाएकी तिची दया आली, आणि दया आल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

झुंबरबाईंची तोफ मात्र धडधडत होती. "लय साधी दिसती, पण काय सांगू बाई! पेटीत औषधाची बाटली. कशाला? आणि प्रत्येक गोष्टीत उधळी. निळीची अख्खी बाटली दसऱ्यानंतर आठ दिवसांत संपवली. यांची धोतरं तर तशीच पिवळी! मी हिच्या हातचं पाणीसुद्धा सोडलंय आता. आठ दिवस झाले, माझं मीच रांधते."

"आणि बरं वाटतंय?"

झुंबरबाई अडखळल्या. "कुठलं बरं! आदी घातलेलं अंगात भिनलंय ना."

मग त्यांनी हर्षालीला हाताला धरून परसात नेलं. तिथे त्यांचा आवाजच बदलला. मेथीचे दोन वाफे, एक कोथिंबिरीचा, कडेला कांद्याची पात. सगळं गुडघ्याला लागेल असं तरारलेलं.

"बघा. यंदा मेंढरं बसली तेव्हा दोन पाट्या ताजी लेंडी आणून टाकली मी. झारीनं पाणी घालते रोज. पहाटे दवात खुडायची, तेव्हा पाला कोवळा लागतो. बाजारची भाजी मी तीन पाण्यानं धुते बाई, त्याच्यावर काय काय फवारतात, आम्हाला म्हाईत हाय, आम्हीच फवारतो! ही आपली घरची. औषधाचा एक थेंब नाय. हिला काय धुवायचं? झटकायची आणि खायची."

जेवायला थांबावंच लागलं. झुंबरबाईंनी मेथी, पात, कोथिंबीर बारीक चिरून वर कच्चं तेल, तिखट, दाण्याचा कूट घालून घोळाणा केला. मामांच्या जिभेवर सारं बालपण उतरलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

"मॅडम, घ्या ना," ते म्हणाले.

"मला शुक्रवारचा उपास आहे," हर्षाली म्हणाली, आणि तिचा पाय टेबलाखाली असावा तसा मामांच्या पायावर येऊन आदळला. पंगत जमिनीवर होती, त्यामुळे ते सगळ्यांनी पाहिलं.

"सूनबाईंना नाही वाढलं?" मामांनी सारवासारव केली.

"तिला नाय चालत," झुंबरबाई म्हणाल्या. "तिच्याकडं पाला उकडतात, पाणी पिळून टाकतात, मग चोथा खातात. कच्चं हिरवं बघितलं की म्हणती, हे शेरडांचं खाणं."

"रानातल्या पाल्याला कडू पाणी असतं," पल्लवी हळूच म्हणाली. "उकडल्याशिवाय खायचा नाही, असं लहानपणापासून आहे." आरोही तिच्या मांडीवर बसून भाकरी आणि चटणी खात होती. ताटातलं एक हिरवं पान तिने चिमटीत धरून बाहेर ठेवलं.

निघण्याआधी हर्षालीने मामांच्या हातात झाकणाच्या पाच डब्या दिल्या. "प्रत्येकाकडून नमुना घ्यायचा. शौचाचा. पल्लवी आणि आरोहीचाही. मनोजचा मी मागवलाय. तो त्याच्या पाळीतला एक कामगार आणून देईल."

"मॅडम!"

"तुम्ही त्यांच्या बाजूचे आहात. तुमचं ऐकतील."

एकतीस वर्षांच्या नोकरीत सहादूमामांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण डब्या मिळाल्या.

धनगरांचा मुक्काम मालेगावच्या रस्त्याला दोन गावं पुढे होता. कळपाची मालकीण बयाबाई जाळीच्या कुंपणापाशी कोकराला दूध पाजत होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, नजर धारदार.

"त्या दोन मेंढ्या कशाने मेल्या?" हर्षालीने विचारलं.

"रोगानं. परतीच्या पावसात ओल्या गवतात चरली, तवापासून अशक्त. गळ्याखाली पाणी उतरलं होतं, हे असं." तिने स्वतःच्या हनुवटीखाली मूठ धरली. "करंजदऱ्याला पोचायच्या आदीच धा-बारा अशी झाली होती."

"मग बाकीची कशी वाचली?"

बयाबाई पुन्हा कोकराला दूध पाजू लागली.

हर्षाली कुंपणाभोवती फिरली. मामाही मागून फिरले. त्यांना मेंढरंच दिसली. हर्षालीला आणखी काही दिसलं असावं, कारण ती एका मेंढीपाशी वाकली. लोकरीत, कपाळावर, विटलेला निळा ठिपका होता. पलीकडे दुसरीला होता. आणखी एकीला होता.

"ही खूण कुणी केली?"

"नका विचारू ताई. शबूद दिलाय एका पोरीला. तिचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाय."

"नाव मी विचारतच नाही," हर्षाली म्हणाली. "रविवारी सकाळी करंजदऱ्याला याल का, एवढंच विचारते. तुम्ही गप्प राहिलात तर त्या पोरीचं लेकरू जाईल."

बयाबाईने कोकरू खाली ठेवलं.

परतीच्या वाटेवर चांदवडला हर्षालीने गाडी थांबवायला लावली आणि मिसळ खाल्ली, दोन पाव घेऊन. "उपास?" मामांनी विचारलं. "सुटला," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी लॅबचा कागद आला. रावजी, झुंबरबाई, मयूर आणि मनोज या चौघांच्या नमुन्यात जंतांची अंडी. पल्लवी आणि आरोही स्वच्छ. खाली शेरा: अंकुशकृमी.

"सुटलं!" मामा म्हणाले. अंकुशकृमी त्यांना शाळेपासून ठाऊक होते. "अनवाणी चाललं की तळपायातून शिरतात. विष नाही, बिष नाही. चला, फोन करा बाईला."

"अनवाणी कोण चालतं, मामा?"

मामांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अनवाणी चालते ती पल्लवी. आणि लोखंडी टोपीच्या बुटात वावरतो तो मनोज.

"उलटं झालं की हो हे."

"हो ना. चला, लॅबमधून नमुन्यांच्या काचा घ्या. आपल्याला जनावरांच्या दवाखान्यात जायचंय."

तिथले म्हातारे डॉक्टर हर्षालीला विम्याच्या दिवसांपासून ओळखत होते. त्यांनी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, एक डोळा मिटला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "लांबट आहेत, एका टोकाला निमुळती. रोज बघतो मी. कुठल्या कळपातली मेंढी ही?"

"मेंढी कसली!" मामा ओरडले. "ते रावजी शेवाळे आहेत!"

डॉक्टरांनी डोकं वर केलं. हर्षाली मात्र तपासाला लागल्यापासून पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी शेवाळ्यांच्या ओट्यावर दहा-बारा भाऊबंद बसले होते. दाराशी पल्लवीची पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्या एकटीचीच. आरोही झुंबरबाईंच्या पदराला धरून उभी होती आणि तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. सहादूमामांनाही फारसं कळत नव्हतं. पण ते त्या पिशवीकडे पाठ करून बसले.

"तुमचं काय ते सांगा," रावजी हर्षालीला म्हणाले. "मग आमचं आम्ही ठरवतो."

"सगळे एक गोष्ट धरून चालले, की विष कुणीतरी घातलंय," हर्षाली म्हणाली. "विष म्हटलं की रांधणारीवर बोट जातं. पण मनोज आठवड्यातून एकदा वहिनीच्या हातचं जेवतो आणि रोज आजारी आहे. तिची चटणी तो रोज खातो, पण ती आरोहीही खाते. झुंबरबाईंनी तिच्या हातचं पाणी सोडलं, त्यांनाही फरक नाही. मग मी उलटा प्रश्न विचारला. या घरातलं असं काय आहे, जे पल्लवीच्या हाताशिवाय तयार होतं, मनोजबरोबर नाशिकला जातं, आणि पल्लवी नि आरोही खात नाहीत?"

मनोज हळूच म्हणाला, "मेथी."

"कच्ची मेथी, पात, कोथिंबीर. पल्लवीला पाला उकडून खायची सवय. आरोहीला कडू लागतो."

झुंबरबाई ताडकन उठल्या. "माझ्या भाजीवर थेंबभर औषध नाय!"

"तेच तर, मावशी. तुम्ही बाजारची भाजी तीन पाण्यानं धुता, कारण तिच्यावर फवारलेलं असतं. घरच्या भाजीवर फवारलेलं नाही, म्हणून ती धुतच नाही. विषाची एवढी काळजी घेतलीत, की दुसरं काही असू शकतं हे मनातच आलं नाही. मेंढरांच्या पोटात बारीक जंत होते. त्यांची अंडी लेंडीत. शेतातली लेंडी नांगरटीत गेली, उन्हात वाळली, कुणाचं काही बिघडलं नाही. पण दोन पाट्या ताज्या तुम्ही परसात टाकल्या, वर रोज झारीनं पाणी. ओल मिळाली की अंड्यांतून अळ्या निघतात आणि दवाबरोबर पानावर चढतात. मेंढरू सकाळी तेच ओलं पान खातं, म्हणून त्याला होतं. तुम्हीही पहाटे दवातलंच खुडता."

"माणसाला मेंढराचे जंत?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"क्वचित. पण त्यातली एक जात माणसाच्या पोटात राहते. लॅबवाल्याने ती फार बघितलेली नव्हती, त्याने अंकुशकृमी लिहिलं. ते तळपायातून शिरतात. पण अनवाणी फिरणारी पल्लवी धडधाकट आणि बूट घालणारा मनोज आजारी. म्हणजे पायाची वाट नव्हे, तोंडाची. जनावरांच्या डॉक्टरांनी अंडी बघताच कळपाचं नाव विचारलं. रक्तात जो आकडा वाढला होता, तो ॲलर्जीने वाढतो तसा जंतांनीही वाढतो. उद्या डॉक्टरांना हा कागद दाखवा. थोड्या गोळ्यांचं काम आहे."

"आणि बाटली?" रावजींनी विचारलं. आवाजातला जोर गेला होता, पण हट्ट राहिला होता. "मेंढरं मेली त्याचं काय?"

"झुंबरबाई, दसऱ्यानंतर आठ दिवसांत निळीची बाटली संपली. धोतरं पिवळीच राहिली. मग नीळ गेली कुठे?" हर्षालीने ओट्याखाली बघितलं. "बयाबाई, सांगा."

बयाबाई इतका वेळ खाली उभी होती. ती वर आली नाही, तिथूनच म्हणाली, "माझ्या मेंढरांच्या कपाळावर गेली. ही पोर एकदा पाणी द्यायला आली. गळे सुजलेली बघितली, डोळ्याखालची कातडी ओढली नि म्हणली, आतून पांढरी पडलीत, रक्त संपलंय. दुसऱ्या दिशी माहेरून बाटली मागवली. चाळीस मेंढरांना हातानं पाजलं, ज्याला पाजलं त्याला निळा ठिपका, म्हंजी चुकून दोनदा नको. दोन आदीच गेल्यात जमा होती. बाकीची हिनं वाचवली. मला शपथ घातली, घरी कळू द्यायचं नाय म्हणून."

मामांना एकदम सायकलच्या दुकानापुढची शेळी आठवली. स्वतःचा चेहरा म्हणे! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"का लपवलंस?" मयूरने विचारलं.

"मामंजींनी सांगितलं होतं, मेंढरांपाशी दिसायचं नाही," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि दोन मेली होती. मी सांगितलं असतं तर कोण म्हणालं असतं की हिने अडतीस वाचवली? तू म्हणाला असतास? तीन आठवडे मी वाट बघितली मयूर, की तू एकदा तरी म्हणशील, हिनं नाही केलं. एकदा."

मयूरने तोंड झाकलं. रावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. भाऊबंदांतला एकेक जण काहीतरी काम आठवून उठला. बैठक कुणी मोडली नाही, ती आपोआप संपली.

झुंबरबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "माझ्या हातानं," त्या परसाकडे बघत म्हणाल्या. "पोरगं शहरात उपाशी राहील म्हणून जुड्या बांधून दिल्या. माझ्याच हातानं." आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.

पल्लवीने दाराशी ठेवलेली पिशवी उघडली. आत जाऊन आरोहीचे दोन फ्रॉक आणले आणि त्यात भरले.

"जातेस?" रावजींनी घाबरून विचारलं.

"आठ दिवस. आरोहीला घेऊन. हाकललं म्हणून नाही, मला माझ्या आईकडे जावंसं वाटतंय म्हणून."

"आणि मग?"

पिशवी खांद्याला लावून ती निघाली, पायरीपाशी पोचली, आणि थांबली. मागे फिरून ती झुंबरबाईंसमोर उकिडवी बसली. आठ दिवस जिच्या हातचं पाणी विटाळासारखं टाळलं, तिने म्हातारीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अंगठ्याने डोळ्याखालची कातडी हलकेच ओढली आणि आत बघितलं. झुंबरबाईंनी मान काढून घेतली नाही.

"फिकट झालंय," पल्लवी म्हणाली. "मी येईपर्यंत भाजी उकडून खा. गूळ-शेंगदाणे खा. गोळ्या चुकवायच्या नाहीत, येऊन बघणार आहे मी."

मामांनी तिला आणि आरोहीला पेठच्या गाडीसाठी नाशिकच्या स्टँडपर्यंत सोडलं. आरोही खिडकीत बसली. पल्लवीने या वेळी बाहेर बघितलं नाही; मामांकडे सरळ बघून ती हसली.

गाडी सुटल्यावर हर्षालीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून मामांपुढे धरली.

"हे काय?"

"डॉक्टरांना विचारून आणल्यात. घोळाणा दोनदा घेतला होतात ना?"

मामांनी पट्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"संशय होता. म्हणून तर पाय मारला."

"जरा जोरात मारायचा होता," सहादूमामा म्हणाले, आणि पाणी शोधायला गेले.